वाचकांचे प्रश्न : काच, फुले आणि दिव्याची जागा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे नाशिक शहर आणि परिसरातील आहेत, आणि ती लिहिणारे बहुतेक वाचक आपल्या मालाची छायाचित्रे घरच्या घरी स्वतःच काढणारे आहेत. काच आणि फुले या दोनच विषयांवर ती असल्यामुळे निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी काचेच्या बाटल्यांवर आणि बरण्यांवर नक्षी कोरून त्या विकते. पांढऱ्या कागदावर बरणी ठेवून दोन्ही बाजूंनी सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडचे मऊ प्रकाशाचे दिवे) लावते. प्रत्येक छायाचित्रात बरणीवर दोन पांढऱ्या चौकटी उमटतात, आणि बरणीच्या कडा मात्र पार्श्वभूमीत विरून जातात. दिव्यांचा जोर कमी-जास्त करूनही फरक पडत नाही. काय चुकते आहे? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपले दिवे चांगले आहेत, फक्त त्यांची तोंडे बरणीकडे आहेत, ती तिथून वळवायला हवीत. मातीच्या भांड्यावर किंवा लाकडी पाटावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून त्या वस्तूंवर दिवा रोखला की त्या दिसतात. गुळगुळीत काच प्रकाश विखुरत नाही. ती एक तर तो आरपार जाऊ देते किंवा आरशासारखा परत फेकते. त्यामुळे काचेचे छायाचित्र हे वास्तविक काचेच्या मागे आणि भोवती जे काही असेल त्याचेच छायाचित्र असते. आपल्या बरणीच्या दोन बाजूंना दोन सॉफ्टबॉक्स आहेत, म्हणून तिच्यावर दोन चौकटी दिसतात. मागे पांढरा कागद आणि बाजूंना बहुधा पांढऱ्या भिंती आहेत, म्हणून कडाही पांढऱ्या होऊन हरवतात.

कडांचे महत्त्व एका आकड्यावरून लक्षात येईल. काचेवर सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच प्रकाश तिच्या एका पृष्ठभागावरून परततो, पण तोच प्रकाश लंबापासून ८० अंशांवर, म्हणजे काचेला जवळजवळ घासून आला, तर ३९ टक्क्यांच्या आसपास परततो. गोल बरणीच्या कडेला आपली नजर काचेला अशीच घासून जाते. म्हणून बरणीच्या मध्यातून मागचे दिसते आणि कडेवर बाजूचे. मागे उजेड आणि बाजूंना काळोख ठेवला तर उजळ पार्श्वभूमीवर काळी रेघ मिळते; मागे काळोख आणि बाजूंना उजेड ठेवला तर काळ्यावर पांढरी रेघ मिळते. काचेच्या प्रकाशयोजनेच्या या दोनच मूळ पद्धती आहेत आणि बाकीचे सर्व प्रकार त्यांच्या मिश्रणातून निघतात.

पहिल्या पद्धतीसाठी एक सॉफ्टबॉक्स टेबलाच्या मागे, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा करावा. सॉफ्टबॉक्स नसेल तर लाकडी चौकटीवर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ताणून त्यामागे दिवा ठेवला तरी चालतो. हा उजळ भाग कॅमेऱ्याच्या चौकटीत जेमतेम मावेल एवढाच हवा, कारण तो चौकटीबाहेर जितका पसरेल तितकी कडेची काळी रेघ बारीक होत जाते. मोठा सॉफ्टबॉक्स असेल तर त्याचा जास्तीचा भाग काळ्या कार्डशीटने झाकावा. बरणीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीत येणार नाहीत इतपत जवळ, काळी कार्डशीट उभी करावी आणि ती बोटभर पुढे-मागे सरकवत रेघ किती जाड हवी ते कॅमेऱ्यातूनच ठरवावे. पार्श्वभूमीवरून कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणाऱ्या मीटरने दाखवलेल्या वाचनापेक्षा दोन स्टॉपच्या आसपास जास्त एक्स्पोजर (चित्रासाठी कॅमेऱ्यात घेतलेला प्रकाश; एक स्टॉप म्हणजे तो दुप्पट किंवा निम्मा) दिले की ती स्वच्छ पांढरी येते. त्याहून फार जास्त दिल्यास मागचा उजेड लेन्समध्ये पसरून कडा खाऊन टाकतो.

तथापि आपल्या कामासाठी माझे मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने पडते. कोरलेला भाग गुळगुळीत नसतो, तो प्रकाश विखुरतो. त्यामुळे उजळ पार्श्वभूमीवर नक्षी मळकट करडी दिसते आणि काळ्या पार्श्वभूमीवर तीच नक्षी आतून पेटल्यासारखी उठून येते. सॉफ्टबॉक्स मागे तसाच ठेवून त्याच्या मधोमध, चौकटीपेक्षा किंचित मोठे काळे मखमल लावलेले पुठ्ठ्याचे पान टांगावे, म्हणजे सॉफ्टबॉक्सची कड त्याच्याभोवती चारही बाजूंनी उजेडाची पट्टी म्हणून उरेल. मखमलच का, तर चकचकीत काळा चार्ट पेपर स्वतःच चमकतो आणि काळा न राहता राखाडी होतो.

या पद्धतीची एक किंमत मोजावी लागते : धुळीचा प्रत्येक कण आणि बोटाचा प्रत्येक ठसा नक्षीइतकाच उजळ दिसतो. बोअरवेलच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर क्षारांचे ठिपके राहतात, म्हणून शेवटचे पाणी डिस्टिल्ड वॉटरचे, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, असावे आणि त्यानंतर बरणी सुती हातमोजे घालूनच उचलावी. कपडेही काळे घालावेत. एकदा अत्तराच्या कुपीचे छायाचित्र मोठे करून पाहताना तिच्या खांद्यावर मला माझाच चौकड्यांचा शर्ट सापडला होता, आणि दिवसभराचे काम पुन्हा करावे लागले होते.

प्रश्न : पोलरायझिंग फिल्टर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारी, लेन्सवर लावायची काच) लावल्यास काचेवरची सर्व प्रतिबिंबे निघून जातात का? (एक विद्यार्थी, नाशिकरोड)

उत्तर : नाही. काचेवरून लंबाशी साधारण ५६ अंशांच्या कोनात परतणाऱ्या प्रकाशावरच हा फिल्टर पुरता चालतो; सपाट खिडकीला तसा एक कोन साधता येतो, परंतु गोल बाटलीवर एकाच वेळी सर्व कोन असतात. शिवाय कडांची प्रतिबिंबे आपल्याला हवीच असतात. आपल्या तांबटांनी घडवलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर तर एकट्या फिल्टरचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. गुलाबाच्या पानांवरची मेणकट चमक घालवण्यासाठी मात्र तो जरूर वापरावा.

प्रश्न : आमच्या पॉलिहाउसमधील गुलाबांची माहितीपत्रिका करायची आहे. पिवळी आणि पांढरी फुले ठीक येतात, पण लाल गुलाब म्हणजे पाकळ्यांचा पत्ताच नसलेला एक सपाट लाल गोळा दिसतो. एलईडी दिवे बदलून पाहिले तर लाल रंगच विटकरी झाला. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) तर व्यवस्थित दिसतो. (एक शेतकरी, दिंडोरी तालुका)

उत्तर : मोगलांनी ज्या गावाला गुलशनाबाद म्हटले त्या गावच्या परिसरातून हा प्रश्न यावा हे योग्यच झाले. यात तीन वेगवेगळी कारणे एकमेकांत मिसळली आहेत.

पहिले कारण कॅमेऱ्यातले आहे. कॅमेरा जो एकच पांढरा हिस्टोग्राम दाखवतो तो उजळपणाचा असतो आणि त्यात हिरव्या रंगाचा वाटा सर्वांत मोठा धरलेला असतो. लाल गुलाबात हिरवा रंग जवळजवळ नसतोच. त्यामुळे लाल रंगाची नोंद वरच्या मर्यादेला टेकून तिथले सर्व बारकावे नाहीसे झालेले असले तरी आलेख निर्धास्त दिसतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात असते, ती सुरू करावी आणि लाल आलेख उजव्या भिंतीपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर उतरवावे. बहुधा पाऊण ते एक स्टॉप पुरतो. चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत, घ्यावे आणि रंग भडक करणारी कॅमेऱ्यातील शैली बंद ठेवावी. झेंडूच्या केशरी फुलांनाही हाच उपाय लागू आहे.

दुसरे कारण दिव्यातले. दिव्याच्या खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, हा रंगांच्या पहिल्या आठ नमुन्यांची सरासरी असतो आणि ते आठही नमुने फिकट रंगांचे असतात. गडद लाल हा नववा नमुना त्या सरासरीत धरलेलाच नसतो. म्हणून ८० सीआरआयचा दिवा खोटे न बोलताही आपला गुलाब विटकरी करू शकतो. दिवा घेताना आर-९, म्हणजे या नवव्या नमुन्याचा, आकडा वेगळा विचारावा आणि विक्रेत्याला तो सांगता आला नाही तर दुसरा दिवा पाहावा. फ्लॅशमध्ये ही अडचण सहसा येत नाही, आणि माझ्या मते फुलांसाठी आजही साधा फ्लॅशच सर्वांत भरवशाचा आहे, कारण त्याने फूल तापत नाही. पूर्वी मी ५०० वॅटच्या हॅलोजनखाली मोगरा मांडत असे. फोकस नीट होईपर्यंत कळ्यांच्या कडा तपकिरी होऊ लागत.

तिसरे कारण प्रकाशाच्या दिशेचे, आणि सपाट गोळ्याचा मोठा दोष त्याच्याकडे जातो. गुलाबाच्या पाकळीच्या पृष्ठभागावरील पेशी सूक्ष्म शंकूंसारख्या असतात, तिचा मखमली पोत त्यांच्यामुळेच दिसतो. समोरून दिवा लावला की पोतही जातो आणि एका पाकळीची सावली दुसरीवर पडायची थांबते. दिवा फुलाच्या बाजूला, किंबहुना बाजूच्याही थोडा मागे, घड्याळाच्या भाषेत कॅमेरा सहावर असेल तर दहाच्या जागी ठेवावा आणि समोरच्या अंगाला थर्माकोलचा तळहाताएवढा तुकडा धरून सावली हवी तेवढीच उजळावी. येथे पुष्कळ जण मोठा सॉफ्टबॉक्स फुलाला चिकटवून ठेवतात. आठ सेंटिमीटरच्या फुलाला ४० सेंटिमीटरवरचा ६० सेंटिमीटर रुंद सॉफ्टबॉक्स म्हणजे आभाळच. तो सगळीकडून उजेड घालून पुन्हा गोळाच करतो. त्याला मीटरभर मागे न्यावे किंवा त्याचे अर्धे तोंड झाकावे. अगदी मागून प्रकाश टाकण्याचा मोह गुलाबाच्या बाबतीत आवरावा, कारण पाकळ्यांच्या इतक्या थरांतून तो आरपार येत नाही. जास्वंद किंवा गोकर्ण यांच्या एकेरी पाकळ्यांवर मात्र तोच प्रकाश शिरा न्‌ शिरा दाखवतो.

फूल पुढून मागेपर्यंत स्पष्ट यावे म्हणून फोकसचे अनेक टप्पे घेऊन चित्रे जोडणार असाल तर पंखा बंद करावा आणि काम लवकर उरकावे, कारण उबदार खोलीत गुलाब उमलत राहतो आणि दहावे चित्र पहिल्यावर बसत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली होती. त्यांना जी हालचाल हवी होती ती आपल्याला नको आहे, इतकाच फरक.

प्रश्न : स्टुडिओ नाही. उत्तरेच्या खिडकीत कधीच थेट ऊन येत नाही असे वाचून तिथे फुलांचे टेबल मांडले, पण जूनमध्ये ऊन आले. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : तो नियम युरोपातील चित्रकारांच्या खोल्यांचा आहे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे साधारण २० मेपासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्याच्या उत्तरेकडे असतो. ते दोन महिने खिडकीला बटर पेपर लावावा. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत अधूनमधून येतच राहतील.

प्रश्न : पाणी भरलेल्या काचेच्या फुलदाणीत निशिगंधाचे दांडे ठेवून छायाचित्र काढायचे आहे. काच नीट आली की फूल काळवंडते आणि फूल नीट आले की काच मरते. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : दोघांच्या मागण्या विरुद्ध आहेत, म्हणून दोघांना एकाच दिव्यावर ठेवू नये. खालच्या अर्ध्या भागामागे उजळ पार्श्वभूमी ठेवावी आणि ती वरच्या बाजूला मंद होत करडी व्हावी, म्हणजे पांढऱ्या फुलांना उठाव मिळेल; यासाठी मागचा दिवा टेबलाच्या पातळीच्या जरा खाली ठेवून वर रोखला तरी पुरते. फुलांसाठी दुसरा छोटा दिवा बाजूने आणि उंचावरून लावावा, आणि त्याच्या खालच्या कडेला काळे कार्ड बांधून त्याचा उजेड फुलदाणीच्या तोंडापाशीच तोडावा. निशिगंध पांढरा असल्याने त्याच्यावरचा उजेड पार्श्वभूमीपेक्षा थोडा कमीच ठेवावा, नाहीतर पाकळ्यांचे वळण दिसेनासे होते.

पाण्याने भरलेली गोल फुलदाणी ही एक जाड लेन्स असते, हे रिकाम्या फुलदाणीवर मांडणी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिच्यातून मागचे दृश्य डावे-उजवे उलटून दिसते आणि चौकटीबाहेरच्या कितीतरी वस्तू आत ओढल्या जातात. डाव्या हाताचे मागचे कार्ड हलवल्यावर काळी पट्टी उजवीकडे हलू लागली तर गोंधळू नये. कडाही रिकाम्या काचेपेक्षा बऱ्याच जाड येतात, म्हणून पार्श्वभूमी अशा वेळी चौकटीपेक्षा रुंद घ्यावी आणि सर्व मांडणी पाणी भरल्यानंतरच ठरवावी.

नळाच्या ताज्या पाण्यातील विरघळलेली हवा थोड्याच वेळात दांड्यांवर आणि काचेच्या आतून बारीक बुडबुडे होऊन चिकटते. उकळून गार केलेल्या पाण्यात ती फारशी उरत नाही. असे पाणी आदल्या रात्रीच करून झाकून ठेवावे, आणि फुलदाणीत ओततानाही ते काचेच्या कडेने सावकाश सोडावे.