रिंग म्हणजे हाक

गेली तीस वर्षं मी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. अडखळत बोलणारी मुलं, ऐकू कमी येऊ लागलेली वडीलधारी माणसं, पक्षाघातानंतर पुन्हा शब्द जुळवणारे लोक, यांच्यात माझा दिवस जातो. या वेळच्या पत्रांतली तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: फोन करायचा की मेसेज? म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते. मी फोन केला की उचलत नाही. दोन मिनिटं होत नाहीत तोच मेसेज येतो, ‘बोल ना आई, काय झालं?’ म्हणजे फोन तिच्या हातातच असतो. मग मला लिहायला काही सुचत नाही. काही झालेलं नसतं हो, तिचा आवाज ऐकायचा असतो. ती मला टाळते का? (वय ६३)

उत्तर : ताई, ‘फोन तिच्या हातातच असतो’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. दुखतंय ते तिथेच. हातात असून उचलला नाही, म्हणजे नकोच आहे, असं मनात येतं. पण फोन हातात असणं निराळं आणि बोलायची सवड असणं निराळं.

इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने फोनवरच्या सुमारे ५०० संभाषणांच्या सुरुवाती तपासून १९६८ साली एक लेख लिहिला. उचलणारा माणूस आधी बोलतो, हा रिवाज त्यांना फक्त एका संभाषणात मोडलेला दिसला. त्यावरून त्यांनी मांडलं की फोनची रिंग ही हाक असते आणि आपलं ‘हॅलो’ म्हणजे त्या हाकेला दिलेली ओ. मला हे वाचताक्षणी पटलं, कारण मराठीत त्यासाठी शब्द तयारच आहेत. हाक आली की ओ द्यावी लागते. आणि एकदा ओ दिली की पुढचं आपल्या हातात राहत नाही. बोलणं अर्ध्या मिनिटात आटपेल की अर्धा तास चालेल, हे उचलताना कळत नाही. आजूबाजूला कोण ऐकतंय, आपला आवाज आत्ता रडवेला आहे का, काम कुठल्या टोकाला आलंय, हाक यातलं काहीच विचारत नाही. मेसेज मात्र दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या चिठ्ठीसारखा असतो. हातातलं काम ठेवून मग ती उचलता येते.

तुमची मुलगी दोन मिनिटांत उत्तर देते, हे माझ्या मते फार महत्त्वाचं आहे. टाळणारं माणूस दोन मिनिटांत ‘बोल ना आई’ लिहीत नाही.

आता ‘काय झालं?’बद्दल. एकदा मी माझ्या मुलाला भर दुपारी फोन केला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला आणि हॅलोही न म्हणता विचारलं, ‘बाबा बरे आहेत ना?’ मला फक्त कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस ते विचारायचं होतं. त्याच्या आवाजातली ती धास्ती मी विसरले नाही. बारीकसारीक बोलणं सगळं मेसेजवर गेल्यामुळे फोनच्या वाट्याला फक्त मोठ्या बातम्या उरल्या होत्या. आमच्या घरात रिंग वाजणं म्हणजे काहीतरी घडलं असणं, असा अर्थ होऊन बसला होता आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. तुमच्या मुलीचं ‘काय झालं?’ हे बहुधा याच धास्तीतून येतं.

म्हणून आधी हे लिहा: ‘काही झालेलं नाही. तुझा आवाज ऐकायचाय. आज कधी फोन करू?’ यातलं पहिलं वाक्य गाळू नका, तिचा जीव तिथेच भांड्यात पडतो. दुसरंही गाळू नका. मुलांना ते माहीत असतं असं आपण धरून चालतो, आणि ते त्यांना माहीत नसतं.

आवाज ऐकायची तुमची ओढ म्हणजे म्हातारपणाचा हट्ट नव्हे, हेही सांगते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेसात ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर बोलायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावून ताण आणला. मग काहींना आई भेटली, काहींशी ती फोनवर बोलली, काहींशी फक्त टाइप करून बोलली आणि काहींना आईचा संपर्कच मिळाला नाही. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भेट झालेल्या आणि फोनवर आवाज ऐकलेल्या मुलींमध्ये ताणाशी निगडित असलेलं कॉर्टिसॉल उतरलं आणि जवळिकीशी निगडित असलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. फक्त लेखी शब्द मिळालेल्या मुलींची पातळी आईचा संपर्कच न झालेल्या मुलींसारखी राहिली. शब्द आईचेच होते, पण आवाज नव्हता. हा परिच्छेद मुलीला जरूर पाठवा. मेसेजनेच पाठवा.

आणि ज्या दिवशी तिला सवड नसेल, त्या दिवशी आवाजी मेसेज रेकॉर्ड करा. त्यात आवाजही पोचतो आणि ओ द्यायची घाईही नसते. फक्त तो मिनिटाभराचा ठेवा.

प्रश्न : मॅडम, ऑफिसमधून कुणाला फोन करायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. काय बोलायचं ते शब्दन्‌शब्द कागदावर लिहून काढतो. तरी समोरून ‘हॅलो’ आलं की तोंडातून शब्द फुटत नाही. लहानपणी अडखळायचो, आता फारसं नाही. मेसेजवर मात्र मी मोकळेपणी बोलतो. साहेब म्हणतात, मेसेजच्या आड लपू नकोस. मी पळपुटा आहे का? (वय २४)

उत्तर : नाही. तुला हे उत्तर आधी मिळायला हवं, बाकीचं नंतर वाच.

माझ्याकडे तुझ्याच वयाचा एक मुलगा यायचा. त्याचं नाव ‘प’ने सुरू होतं आणि ‘प’ हाच त्याचा अडलेला वर्ण. अडखळणारी माणसं शब्द बदलण्यात पटाईत असतात. ‘पाहिजे’ अडतंय असं वाटलं की क्षणात ‘हवंय’ म्हणतात, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, आणि फोनवर पहिली मागणी नावाचीच असते: कोण बोलतंय? त्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर बसून सरावाचा नव्हे, खरा फोन करत होता. स्पीकर सुरू होता. ‘नमस्कार, मी...’ आणि ओठ घट्ट मिटले. मला समोर त्याचे ओठ दिसत होते, हनुवटी थरथरत होती, तो जिवाच्या आकांताने बोलत होता. पलीकडच्या माणसाला मात्र नुसती शांतता ऐकू येत होती. ‘हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये.’ फोन कट. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्याने फोन उपडा ठेवला आणि बाहीने टेबलाचा तेवढाच भाग पुसत राहिला. मग त्याने तेच काम मेसेज करून विचारलं. तीन ओळी, नेमक्या, नम्र, एकही चूक नाही. पलीकडून लगेच उत्तर आलं. आता सांग, यात लपणारा कोण? त्या तीन ओळींत पहिल्यांदाच तो दिसला होता.

हे फक्त अडखळणाऱ्यांचं दुखणं नाही. २००९ साली १० भाषांमधल्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषा कुठलीही असली तरी या आकड्यात फार फरक पडत नाही. एवढ्याशा फटीत आपण ऐकतो, समजून घेतो आणि उत्तर तयार ठेवतो. समोरासमोर असताना थोडा उशीर झाला तर भुवया, मान, हात सांभाळून घेतात. फोनवर सांभाळायला कुणी नसतं. त्यात फोनच्या जाळ्याचा स्वतःचा उशीर मिसळतो. तो एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो वाढला की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात आणि दोघांनाही वाटतं की चूक आपली.

आणखी एक, माझ्या घरातलं. वडिलांना वयोमानाने ऐकू कमी यायला लागलं तेव्हा मी या व्यवसायात पुरती मुरलेली होते. तरी त्यांना फोनवर सांगितलं, ‘सात वाजता न्यायला येते.’ ते म्हणाले, ‘बरं, बरं.’ सातला पोचले तर ते घरच्या कपड्यांत बसलेले. त्यांनी ‘आठ’ ऐकलं होतं. आवाज किती बारीक ते हर्ट्झमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक. साधा टेलिफोन आवाजातला ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पोचवतो आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. वयाबरोबर ऐकू येणंही आधी तिथलंच कमी होतं. ‘सात’मधला ‘स’ त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि पुन्हा पुन्हा ‘काय? काय?’ विचारायची त्यांना लाज वाटायची. नव्या मोबाइलवरची एचडी व्हॉइस सेवा ७००० हर्ट्‌झपर्यंत जाते, तिथे बरंच सुधारलंय. पण त्यानंतर वेळ आणि तारीख मी वडिलांना कायम लिहूनच पाठवली.

आणि ज्यांना मुळीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी टेलिफोन कित्येक दशकं मुका होता. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे स्वतः कर्णबधिर असलेले भौतिकशास्त्रज्ञ. १९६४ साली त्यांनी साध्या टेलिफोन लाइनवरून टंकलेखन-यंत्रं एकमेकांना जोडायची युक्ती काढली, तेव्हा कुठे कर्णबधिर माणसं दुसऱ्या कुणाची मदत न घेता फोनवरून एकमेकांशी बोलू लागली. लिहून बोलणं हे दुय्यम दर्जाचं बोलणं आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो यामुळे.

तरी तुझ्या कामात कधीतरी फोन करावा लागेलच, म्हणून थोडं कामाचं. कागदावर पूर्ण वाक्यं लिहू नकोस. समोरचा तुझ्या संहितेप्रमाणे बोलत नाही, आणि तो दुसरीकडे वळला की कागद पाहून तू आणखी गोंधळतोस. तीन-चार शब्द लिही, बस. आधी मेसेज कर, ‘अमुक कामासाठी पाच मिनिटं फोन करू का?’ म्हणजे नाव आणि काम आधीच पोचतं आणि पहिल्या वाक्याचं ओझं उतरतं. आणि जमेल तेव्हा एक वाक्य म्हणून बघ: ‘मी कधी कधी अडखळतो, जरा थांबा.’ माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना हे म्हणायला महिने लागले. म्हटल्यावर बहुतेक वेळा समोरचा माणूस खरंच थांबला. साहेबांनाही हेच सांग, निवांत वेळ पाहून.

प्रश्न : एका जुन्या मित्राशी तीनेक वर्षं बोलणं नव्हतं. धीर करून त्याला लांबलचक मेसेज लिहिला, झाल्या गोष्टीची माफीही मागितली. उत्तर आलं, ‘बरं.’ बरं आणि पुढे पूर्णविराम, बास. संपलं असं समजू का? (वय ४७)

उत्तर : एका पूर्णविरामावरून मैत्री संपवू नका. पण तो तुम्हाला टोचला, यात नवल नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या २०१५ च्या एका अभ्यासात मेसेजमधल्या एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासून दिलेलं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा फरक पडला नाही. मात्र तुमच्या मित्राच्या पिढीला शाळेत वाक्याअखेरीस पूर्णविराम द्यायची सवय लावलेली असते. आणि हाताखालचा कीबोर्ड कधी कधी स्वतःच तो टाकतो.

मुळात मेसेज लहानच असावा, अशी त्याची घडण आहे. फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने १९८५ च्या सुमारास टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं लिहून पाहिली. बहुतेक १६० अक्षरांत बसतात, असं त्याला दिसलं आणि एसएमएसची मर्यादा तीच ठरली. ती रोमन लिपीसाठी. देवनागरीत त्याच एसएमएसमध्ये ७०च मावतात आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. ‘पोचले’ हा तीन अक्षरी शब्द पाच जागा खातो! एसएमएसच्या काळात मेसेज करायला शिकलेल्या माणसाचा हात अजूनही आखडता असू शकतो. ‘बरं’ म्हणताना त्याचा गळा भरून आला होता की तो वैतागला होता, हे त्या तीन खुणांतून तुम्हालाच काय, मलाही कळणार नाही.

म्हणून त्याला फोन करा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना, दोन वर्षं तरी संपर्क नसलेल्या जुन्या मित्राशी फोनवर किंवा ई-मेलने बोलायला सांगितलं होतं. फोनवर जास्त अवघडल्यासारखं होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना ई-मेल करणाऱ्यांहून जास्त अवघडलं नाही, आणि जवळीक जास्त वाटली.

तुमची माफी त्याने वाचली आहे, ती पुन्हा मागू नका. ‘तुझा आवाज ऐकायला फोन केला, आत्ता बोलता येईल का?’ एवढंच विचारा, आणि त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला तर मध्ये बोलू नका.