सॅन फ्रान्सिस्कोत खोली एअरबीएनबीवर द्यायची तर वेगळा लायबिलिटी विमा लागतो का?

थोडक्यात सांगायचं तर विमा हवाच, पण तो वेगळा विकत घ्यावाच लागेल असं नाही. शहराच्या नियमानुसार यजमानाकडे किमान 5 लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर (पाहुण्याला इजा वगैरे होऊन तुमच्यावर भरपाईची जबाबदारी आली तर ती भरणारा विमा) लागतं. ज्या साइटवरून बुकिंग घेता तिचं तेवढं किंवा त्याहून जास्त कव्हर असेल, तर तेही चालतं. एअरबीएनबीचं 10 लाख डॉलरपर्यंत आहे, म्हणजे ही अट पूर्ण होते.

खरी गोची पुढे आहे. हे कव्हर फक्त साइटवरच्या बुकिंगला लागू होतं. तोच पाहुणा पुढच्या वेळी "कमिशन कशाला द्यायचं" म्हणून थेट पैसे पाठवून आला, आणि ओल्या जिन्यावरून घसरून त्याचा घोटा मोडला, तर एअरबीएनबीचा काही संबंध नाही. इथली हॉस्पिटलची बिलं तुम्हाला माहीतच आहेत, वर वकिलाचा खर्च वेगळा. घराचा नेहमीचा विमा कामी येईल असं धरून चालू नका. बऱ्याच पॉलिसींत घराचा व्यावसायिक वापर सरळ वगळलेला असतो. एजंटला होम-शेअरिंगची पुरवणी, म्हणजे पाहुण्यांना घर देण्यासाठी पॉलिसीत जोडायचं जादा कव्हर, मिळते का ते विचारा, आणि उत्तर ईमेलवरच मागा. फोनवरचं "हो हो, चालेल" क्लेमच्या वेळी कुणी मानत नाही.

अशी खोली द्यायला शहराकडे करावी लागणारी नोंदणी मात्र विम्याआधी बघा. त्या घरात वर्षातून किमान 275 रात्री तुम्ही स्वतः राहत असाल तरच ती मिळते. भाड्याच्या घरात असाल तर आधी लीज नीट वाचा.