परीक्षेनंतरचे तीन आठवडे

वार्षिक परीक्षा आणि सुटी यांच्या मधला काळ जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकसारखा होऊ लागतो. मुलांना आता कशात गुंतवून ठेवावे, असे शिक्षक विचारतात आणि मुलांना आता शाळेत पाठवायचे तरी कशासाठी, असे पालक विचारतात. या वेळी छोट्या प्राथमिक शाळांमधून, म्हणजे एक-दोन शिक्षक आणि पन्नासाच्या आतला पट असलेल्या शाळांमधून आलेली पत्रे निवडली आहेत. त्यांची अडचण वेगळी आहे आणि, मला वाटते, त्यांची सोयही वेगळी आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका असून पहिली ते पाचवी मिळून ३१ मुले आहेत. परीक्षा संपल्यावर सुटी लागेपर्यंत साधारण तीन आठवडे उरतात. उजळणी घ्यावी तर ‘परीक्षा तर झाली’ म्हणून मुले हसतात आणि नवा धडा घ्यावा तर पुढच्या वर्षी शिकवायचे काय, असा प्रश्न पडतो. शेवटी चित्रे रंगवणे आणि खेळ यांवर आम्ही वेळ काढतो. याहून बरे काय करता येईल?

उत्तर : बाई, ‘वेळ काढतो’ हे शब्द तुम्ही स्वतःच प्रामाणिकपणे लिहिले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. चित्रे आणि खेळ यांत काहीही वाईट नाही; पण वर्षभर अभ्यासक्रम पुढे रेटण्याच्या धावपळीत जे कधीच साधत नाही, ते करण्याची सवड याच तीन आठवड्यांत मिळते. मुलांच्या डोक्यात जे गेले आहे ते त्यांच्याकडून बाहेर काढणे, हे ते काम होय. मुले उजळणीला हसतात, कारण आपली उजळणी म्हणजे तोच धडा पुन्हा वाचणे असते, आणि त्यांचे हसणे फारसे चुकीचे नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून ते किती वेगाने विसरले जातात हे मोजले आणि आपले निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर संथपणे होते, हे त्यातून दिसले. विसरण्यावर उपाय कोणता, याचे एक चांगले उत्तर पुष्कळ नंतर मिळाले. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर राहिला होता आणि पुन्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ४२ टक्के. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते, त्यामुळे हे आकडे दुसरीतल्या मुलाला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही पुस्तक मिटून आठवण्याने शिकलेले पक्के होते, हा अनुभव पाढे म्हणून घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला नवा नाही.

म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एक कोरा कागद द्या आणि ‘या वर्षी मला नव्याने काय काय येऊ लागले’ एवढेच फळ्यावर लिहा. पुस्तके दप्तरात राहू द्या. पहिलीची मुले चित्र काढतील किंवा तोंडी सांगतील आणि पाचवीतले कोणीतरी ते लिहून घेईल. थोड्या वेळाने मुलांना जोड्यांत बसवून एकमेकांचे कागद वाचायला लावा आणि शेजाऱ्याच्या यादीतले आपल्याला आठवले नव्हते ते वेगळ्या रंगाने आपल्या यादीत घालायला सांगा; पुस्तक उघडायचे ते त्यानंतरच. गुण नाहीत, लाल पेन नाही, म्हणून मुले ही परीक्षा समजत नाहीत. आणि कोणता भाग साऱ्या वर्गाच्या यादीतून गळला आहे, हे तुम्हाला निकालपत्रकापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

आता छोट्या शाळेच्या सोयीकडे येतो. मोठ्या शाळेत एका वर्गात एकाच वयाची चाळीस मुले असतात. तुमच्याकडे एका खोलीत पाच वयांची मुले आहेत आणि वर्षभर ती तुम्हाला अडचण वाटते. या तीन आठवड्यांत हेच मिश्रण कामी येते. चौथीतल्या मुलाला दुसरीतल्या मुलाशेजारी बसवून ५२ मधून २७ वजा करून दाखवायला सांगा. स्वतःच्या वहीत तो हे उदाहरण डोळे मिटून सोडवतो. पण समोरचा लहानगा ‘पाचाचे चार का झाले?’ असे विचारतो, तेव्हा आपल्याला रीत येते आणि कारण येत नाही, हे त्याला कळते. मग तो काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या घेतो, एक गठ्ठा सोडतो, बारा सुट्या काड्यांतून सात बाजूला काढतो आणि राहिलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन. उत्तर २५ आधीही येत होते. ते का येते, हे मात्र त्या क्षणी समजते, आणि समजते ते बहुधा मोठ्या मुलाला.

मोठ्यांनी लहानांना शिकवण्याची ही कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधल्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल याने ती पद्धतशीर राबवली. पुढे इंग्लंडमध्ये ती फार फोफावली आणि स्वस्तात शेकडो मुलांकडून घोकून घेण्याचे यंत्र होऊन बसली. तिचा तो दोष लक्षात ठेवून दोन पथ्ये पाळावीत, असे मी सुचवतो. मोठ्या मुलाकडे म्हणून घेण्याचे काम देऊ नये, समजावून सांगण्याचे द्यावे, आणि तेही वीस मिनिटांहून अधिक नको. शिवाय दर वेळी हुशार गणलेल्या मुलालाच शिकवायला बसवू नये. वाचनात मागे असलेली पाचवीतली मुलगी पहिलीच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवायची म्हणून आदल्या दिवशी तीच गोष्ट तीन वेळा वाचते. तेवढा सराव तिच्याकडून एरवी कोणी करून घेऊ शकले नसते.

या जोड्यांना बांधून ठेवणारे एक मोठे काम मात्र हवे. माझ्या मते शाळेच्या आवाराचा नकाशा हे त्यासाठी सर्वांत उत्तम काम आहे, कारण त्यात कोणत्याही इयत्तेला खोटे काम द्यावे लागत नाही. पहिली-दुसरीची मुले मैदानाची लांबी पावलांनी मोजतात. एकाची ६२ पावले होतात, दुसऱ्याची ७१, आणि कोण चुकले यावरून भांडण होते. ते लगेच मिटवू नका. मोजण्यासाठी सर्वांना सारखेच माप का लागते, हा धडा त्या भांडणातच आहे. तिसरीची मुले मीटरची टेप धरतात. मैदान ३६ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद निघाले असे समजा. चौथीची मुले परिमिती १२० मीटर काढतात, पाचवीची मुले क्षेत्रफळ ८६४ चौरस मीटर काढतात आणि नकाशा कागदावर मावण्यासाठी प्रमाण ठरवतात. दोन मीटरला एक सेंटीमीटर धरले तर मैदान १८ सेंटीमीटर बाय १२ सेंटीमीटरचे होते आणि वहीच्या पानावर सहज बसते. मग झाडे, नळ, पायऱ्या आणि फाटक त्यांच्या त्यांच्या जागी येतात, प्रत्येक झाडाचा घेर दोरीने मोजून लिहिला जातो आणि एखादी जोडी ‘या झाडाखाली सावली कधी असते’ याची नोंद दर तासाला घेत राहते. पुढच्या वर्षी त्याच झाडाचा घेर पुन्हा मोजता येतो, म्हणून तारीख घालायला विसरू नका.

प्रश्न : परीक्षा झाली की आमच्याकडे हजेरी निम्म्यावर येते. निकाल हाती पडल्याशिवाय मुलांना अडवायचे कसे?

उत्तर : अडवू नये. ज्या दिवशी काम अर्धवट राहिलेले असते, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुले येतात. म्हणून वरच्या नकाशासारखे एखादे काम रोज मुद्दाम अपुरे सोडावे आणि कोणाच्या हातचे काय राहिले आहे ते फळ्यावर लिहून ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. वर्षअखेरच्या कार्यक्रमासाठी तीन आठवडे रोज तालीम चालली आणि तिच्या वाट्याला झाड होऊन उभे राहणे आले. घरी येऊन ती म्हणाली, ‘मी आज पण उभीच होते.’ एवढा वेळ देणे योग्य आहे का?

उत्तर : तुमच्या मुलीने एका वाक्यात जे सांगितले, त्याहून चांगले परीक्षण मला करता येणार नाही. नाटक किंवा गाणे यांना माझा विरोध नाही. पाठांतर, स्पष्ट उच्चार आणि चारचौघांत उभे राहण्याचा धीर त्यांतून येतो. पण हे सारे ज्याला बोलायला मिळते त्याच्या वाट्याला येते, झाडाच्या नाही. तीस मुलांच्या शाळेत प्रत्येकाला दोन वाक्ये देणे अवघड नसते. नाटक थोडे बिघडेल एवढेच. तालीम दिवसाच्या शेवटच्या चाळीस मिनिटांत बसवावी. उरलेल्या वेळात कार्यक्रमाचेच काम मुलांनी करावे : निमंत्रणाचे पत्र प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावे, खुर्च्यांच्या किती रांगा बसतील याचा हिशेब मांडावा, कार्यक्रमपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका एकमेकांच्या तपासाव्यात.

मला विचाराल तर छोट्या शाळेला रंगमंचापेक्षा प्रदर्शन अधिक शोभते. प्रत्येक मूल आपल्या वर्षभराच्या कामातली एकच गोष्ट निवडते, तिच्याशेजारी उभे राहते आणि येणाऱ्या मोठ्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरे देते. पाहुण्यांच्या हाती दारातच एक चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर ‘हे तू कसे केलेस?’, ‘कुठे अडलीस?’, ‘पुन्हा केलेस तर काय बदलशील?’ असे दोन-तीन प्रश्न लिहिलेले असावेत. नाही तर आपण मोठी माणसे ‘छान, छान’ म्हणत पुढे सरकतो आणि मूल पुन्हा उभेच राहते.

प्रश्न : सुटीत मुले सगळे विसरतात, असे म्हणून शाळेने जाड गृहपाठाचा संच दिला आहे. मुलगा दुसरीत आहे. तो पूर्ण करून घ्यावा का?

उत्तर : सुटीत विसरले जाते ही भीती निराधार नाही. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. लांब सुटीनंतर मुले सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जातात आणि आकडेमोड व शब्दांचे लेखन यांत ही घसरण अधिक असते, असे त्यांना आढळले. जुन्या चाचण्यांच्या रचनेवर पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, त्यामुळे महिन्याचा आकडा कोरून ठेवण्यासारखा मानू नये. संच मात्र बहुतेक घरांत शेवटच्या तीन दिवसांत रडतरडत पुरा होतो, आणि एकदाच घाऊक केलेला सराव टिकत नाही. त्याऐवजी आठवड्यातून चार दिवस दहा मिनिटे पुरेत : पाच तोंडी उदाहरणे आणि दिवसभरात घडलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल चार ओळी. शाळेला कपाटातली पुस्तके सुटीत घरी न्यायला देण्याची विनंती अवश्य करा. फाटतील या भीतीने कुलपात राहिलेली पुस्तकेही जुनी होतातच.

प्रश्न : मी एका छोट्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. पुढच्या वर्षीही बहुतेक मुले माझ्याकडेच असणार, मग वर्षअखेरच्या वर्णनात्मक नोंदी तपशिलाने लिहिण्याची गरज आहे का? आणि शेवटच्या इयत्तेतली पाच मुले मोठ्या शाळेत जाणार आहेत, त्यांच्यासाठी निरोप समारंभाशिवाय काय करावे?

उत्तर : सर, मूल तुमच्याकडेच राहणार आहे म्हणूनच नोंद हवी. एकच शिक्षक अनेक वर्षे लाभतो, ही छोट्या शाळेची जमेची बाजू खरी. पण ‘हा गणितात कच्चा’ हा पहिलीत बसलेला शिक्काही तितकीच वर्षे लाभतो. ‘प्रगती समाधानकारक’ हे वाक्य मीही वर्षानुवर्षे लिहिले आहे आणि जूनमध्ये उघडून पाहिल्यावर त्यातून मला कधीही काही कळलेले नाही. तीन ओळी पुरतात : एकट्याने काय करतो, मदतीने काय करतो, नेमका कुठे अडतो. ‘भागाकार येत नाही’ असे न लिहिता ‘भागाकारात मधले शून्य गाळतो, ६१२ भागिले ६ चे उत्तर १२ लिहितो’ असे लिहिले, तर सुटीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात काय घ्यायचे ते ठरलेले असते.

जाणाऱ्या पाच मुलांना भाषणांपेक्षा सराव द्या. आतापर्यंत त्यांना एकच शिक्षक होता. आता प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक असेल, वेळापत्रक वाचून वही काढावी लागेल आणि न समजल्यास अनोळखी माणसाला विचारावे लागेल. एक आठवडा त्यांना स्वतःचे वेळापत्रक करून त्याप्रमाणे वागू द्या. शक्य असेल तर नवी शाळा एकदा दाखवून आणा आणि तिथे स्वच्छतागृह, पाण्याची जागा व कार्यालय त्यांचे त्यांना शोधू द्या, कारण पहिल्या दिवसाची खरी धास्ती अभ्यासाची नसून बहुधा याच गोष्टींची असते. समारंभात हार-तुरे दिलेत तर द्या. पण प्रत्येकाच्या हातात त्याच्या पहिलीतल्या वहीचे एक पान आणि या महिन्यात लिहिलेले एक पान शेजारीशेजारी चिकटवून द्या. पहिलीतली वही जपून ठेवलेली नसेल, तर यंदाच्या पहिलीची आजच एक पेटीत ठेवा आणि पेटीवर वर्ष लिहा.