ती गोळी कुणी लिहून दिली?

*मावशी, 22 जुलै 2021ला चिपळूणला पूर आला, तेव्हा हे दुकानातला माल वर चढवायला गेले आणि पोटमाळ्यावर अडकले. समोरच्या गाळ्यातले काका ह्यांच्या डोळ्यांदेखत गेले. मी मुलांना घेऊन माहेरी होते. आता पाऊस लागला की हे रात्रभर बॅटरी घेऊन जिन्यात बसतात. बाजारपेठेत पाय ठेवत नाहीत, पुलावरून जात नाहीत, मुलांवर खेकसतात. दुकान दीर बघतात. झोपेची गोळी तेवढी मी रोज आठवणीने देते, मेडिकलवाला ओळखीतलाच आहे. सगळे म्हणतात, इतरांचंही गेलं, हेच का धरून बसलेत? मुलांना घेऊन माहेरी जाऊ का?*
*त्रासलेली, चिपळूण*

माहेरचं नंतर बघू. आधी सांग, ती गोळी कुणी लिहून दिली? कधी? तुझ्या अख्ख्या पत्रात मेडिकलवाला आहे, दीर आहेत, "सगळे" आहेत. डॉक्टर कुठेच नाही!

अल्प्राझोलाम नाहीतर क्लोनाझेपाम असणार, पट्टीवर वाच. चिठ्ठीशिवाय ती देताच येत नाही, तुझा ओळखीतला माणूस कायदा मोडतोय. रोज घेतली की अंगवळणी पडते, मग तेवढ्याने भागेनासं होतं. आणि तुझ्या नवऱ्याच्या दुखण्यावर ती औषधच नाही.

तू लिहिलंस त्यावरून हा पीटीएसडी, म्हणजे जबर धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार दिसतो. पक्कं निदान मानसोपचारतज्ज्ञ करतील. जिवावरचा प्रसंग टळून गेला तरी मेंदू धोका संपल्याचं मानत नाही. म्हणून तो जिन्यात पहारा देतो. खेकसणंही त्यातलंच. पूल टाळला की घटकाभर हायसं वाटतं आणि भीती आणखी घट्ट होते. तुम्ही घरच्यांनी मायेपोटी त्याला हे टाळायला मदतच केलीत. दीर गल्ल्यावर बसले, तू गोळी दिलीस. घर शांत राहिलं, तो होता तिथेच राहिला. आणि "इतरांचंही गेलं" म्हणणाऱ्यांना विचार, त्यांनी समोरचा माणूस बुडताना पाहिला होता का?

यावर उपचार आहेत. त्यांतला मुख्य म्हणजे बोलण्याचा. प्रशिक्षित माणसासमोर बसून ती रात्र पुन्हा पुन्हा, सविस्तर सांगायची. जोडीला, टाळलेल्या जागी थोडं थोडं परत जायचं. आज पुलाच्या तोंडापर्यंत, पुढच्या आठवड्यात पलीकडे. डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर नावाची पद्धतही आहे. साधारण 8 ते 12 बैठका, कधी जास्त. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो, तेव्हा "नको हे" म्हणून त्याला घरी ओढून आणू नकोस. औषध लागलं तर सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिनसारखं देतात. त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे जातात, चार दिवसांत सोडायचं नाही.

मला ठाऊक आहे तुझं कुठे अडलंय. कोकणात "ह्याला रत्नागिरीला न्या" ही शिवी आहे. असू दे. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखवून माणसं संध्याकाळी घरी येतात. तिथे नको, तर जिल्हा रुग्णालयात विचार, खासगी डॉक्टर गाठ. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. जवळचा डॉक्टर कुठे, तेही तिथे विचार.

या आठवड्यात त्याला घेऊन जा. गोळीची पट्टी पर्समध्ये टाक, किती दिवसांपासून देते आहेस ते खरं सांग. हे वाचून आज रात्रीच गोळी बंद करशील, तर ते मात्र करू नकोस. एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टर हळूहळू उतरवतील. आणि त्याला एकट्याला आत पाठवून बाहेर बाकावर बसू नकोस. जिन्यातली बॅटरी त्याला आता नेहमीचीच वाटत असेल, ती तुलाच सांगावी लागेल.

माहेरी जायचं की नाही, ते मला दिवाळीनंतर विचार.