चढावर गाडी दम सोडते. फ्युएल पंप गेलाय की फिल्टर चोक झालाय, कसं ओळखायचं?

फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर गेज लावा आणि एक्सलरेटर दाबून बघा. काटा पडत गेला तर पेट्रोल कमी पोचतंय. साध्या पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत फवारलं जातं) बहुधा 3 ते 4 बार लागतं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. नुसत्या आयडलिंगवर विसंबू नका, थकलेला पंपही तिथे पास होतो. फिल्टर टाकीबाहेर असेल तर इंजिन चालू ठेवून त्याच्या आधी-नंतर मोजा: आधी ठीक, नंतर कमी म्हणजे फिल्टर चोक. दोन्हीकडे कमी असेल तर पंप बदलण्याआधी त्याच्या कनेक्टरवर चालू इंजिनला व्होल्टेज बघाच. काळवंडलेली पिन किंवा गंजलेलं अर्थिंग असलं की चांगला पंपही मंदावतो. डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं) हाय-प्रेशर लाइन मात्र उघडू नका, तिथलं प्रेशर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर वाचा.