घरच्या इंकजेटवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो हिरवट-जांभळट का येतो? काय करावं?

साध्या चार शायांच्या प्रिंटरमध्ये करडा रंग बहुतांशी सायन (निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी शाई मिसळून तयार होतो. एखादी किंचित कमी-जास्त पडली की लगेच डोळ्यात भरते. म्हणून आधी नोझल चेक काढा, म्हणजे शाईची छिद्रं तुंबलीत का हे दाखवणारं चाचणीचं पान. पिवळ्याच्या रेघा उजेडात नीट बघा, पांढऱ्या कागदावर त्या पटकन दिसत नाहीत. त्या तुटल्या असतील तर फोटो निळा-जांभळट झुकणारच.

ट्रेमध्ये जो कागद आहे तोच प्रकार ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर सेटिंगमध्ये) निवडा. फोटोशॉपमधून प्रोफाइल (प्रिंटर आणि कागदानुसार रंग जुळवणारी फाइल) लावत असाल तर प्रिंटरचं कलर करेक्शन बंद ठेवा. दोन्ही एकदम चालू असणं हे छटा येण्याचं नेहमीचं कारण.

'ग्रेस्केल' निवडल्यावर काही प्रिंटर फक्त काळी शाई वापरतात. छटा जाते, पण गालावर, आकाशात बारीक ठिपके दिसतात. पोर्ट्रेटसाठी मला ते अजिबात पटत नाही.

प्रिंट रात्रभर वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात तपासा, कारण बल्बखाली तोच करडा वेगळा दिसतो. नियमित छापणार असाल तर करड्या शाया असलेला प्रिंटरच घ्या. एप्सनच्या अशा मॉडेल्समध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' मोड मिळतो, त्यात रंगीत शाई अगदी नावापुरती लागते.