शोकसभेपलीकडे काय करता येईल?

तुमच्या विभागातल्या ज्येष्ठ स्त्री-अभ्यासक बाई गेल्या, शोकसभेत हार-भाषणांपलीकडे काय करावं, असं तुम्ही विचारलंय. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाईंकडे पाहा. १९७४ साली त्यांनी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं. या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये एसएनडीटीनेच मुंबईत भरवली. १९८८ च्या ‘स्पॅरो’ या स्त्रियांच्या दस्तऐवज-संग्रहाच्या संस्थापकांतही त्या होत्या. तेव्हा तुमच्या बाईंची टिपणं, पत्रं, अभ्यासक्रमांचे कच्चे खर्डे रद्दीत जाण्याआधी घरच्यांना विचारून गोळा करा. फोटोंमागे नावं लिहा. सभेत कुलगुरूंआधी विद्यार्थिनींना बोलू द्या, ग्रंथालयातल्या मावशींनाही. आणि ते ‘मातृतुल्य’ वगैरे टाळा हो! बाईंनी सहकाऱ्यांशी घातलेला एखादा कडाक्याचा वाद सांगा.